आधी दार पाहून या, मग माणूस पाठवा

महाराष्ट्रात तृतीयपंथी, कोती (बायकी वळणाचे पुरुष) आणि समलिंगी पुरुष यांच्यापर्यंत आरोग्याचं काम पोहोचलं ते एचआयव्हीच्या निमित्ताने. मुंबईत १९९४ साली हमसफर ट्रस्ट सुरू झाला, पुढे शहराशहरांत संस्था उभ्या राहिल्या आणि समुदायातलीच माणसं पीअर एज्युकेटर म्हणून स्टेशनांवर, बागांमध्ये, डेऱ्यांवर (तृतीयपंथी गुरू-चेल्यांच्या राहत्या घरी) जाऊ लागली. कंडोम कसा वापरायचा, रक्त कधी तपासायचं, एआरटीची (एचआयव्हीवरच्या उपचाराची) गोळी का चुकवायची नाही, हे त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या आपुलकीने सांगितलं की ते वस्तीला पाठ झालं. पण ज्याच्याशी हे बोलणं चालू असतं, त्याच्या गालात बऱ्याचदा त्याच क्षणी तंबाखू-सुपारीचा मावा असतो. त्याबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही.

आता विचारायला हवं. एचआयव्हीची औषधं नीट घेणारा माणूस आज दीर्घकाळ जगतो. त्याच्या आयुष्याला धोका दुसरीकडून येतो. डेन्मार्कमधल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चांगले उपचार मिळणाऱ्या एचआयव्हीबाधितांचं आयुष्य विषाणूमुळे सरासरी ५ वर्षांनी, तर धूम्रपानामुळे १२ वर्षांहून अधिक कमी झाल्याचं दिसलं. ज्या माणसाला आपण एका आजारातून वाचवलं, त्याला तंबाखूच्या हवाली करून चालणार नाही. समुदायासोबत आधीपासून काम करणाऱ्यांसाठी, आणि तंबाखू-कर्करोगाच्या क्षेत्रातून या समुदायाकडे येऊ पाहणाऱ्यांसाठीही, हे लिहितो आहे.

प्रश्न नाव घेऊन विचारा

परदेशातलं जनजागृतीचं साहित्य बहुतेक सिगारेट आणि फुप्फुसांभोवती फिरतं. ते जसंच्या तसं आणलं तर आपल्याकडे नेम चुकतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ होते ३.८ टक्के, आणि खाणारे, चघळणारे, हिरड्यांना लावणारे होते २४.४ टक्के. आपलं दुखणं तोंडात आहे. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, कुठे चुना लावून मळलेली चिमूट, कुठे मिश्री. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारीची एक आणि तंबाखूची दुसरी अशा दोन पुड्या एकत्र करून तो खाल्ला जातोच.

म्हणून ‘तंबाखू घेता का?’ हा प्रश्न फसवा आहे. टपरीवर प्लॅस्टिकच्या कागदात घोटून मिळालेल्या माव्यावर ना चित्र असतं ना इशारा, त्यामुळे खाणारा त्याला तंबाखूत धरतच नाही. सकाळी दात घासायला मिश्री लावणारीही धरत नाही. ‘दीदी, दिवसाला मावा किती लागतो? सकाळी मिश्री लावता का? पानात काय घालून घेता?’ असं एकेका जिनसाचं नाव घेऊन विचारलं की उत्तरं खरी येतात. सुपारीबद्दल वेगळं विचारा. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी’ असं अभिमानाने सांगणाऱ्याचं कौतुक जरूर करा, पण काम अर्धंच झालंय हेही सांगा.

त्यानंतरचा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे: तंबाखू या माणसाचं कोणतं काम करते? सकाळपासून सिग्नलवर किंवा लोकलच्या डब्यात मंगती (पैसे मागण्याचं काम) करणारीची भूक ती मारते. रात्री धंद्यावर उभी राहणारीला ती जागं ठेवते. घरच्यांनी लग्न लावून दिलेल्या समलिंगी पुरुषाला टपरीवरची दहा मिनिटं हीच दिवसातली एकमेव मोकळी जागा असते. नुकताच स्वतःला पुरुष म्हणून लोकांसमोर आणणाऱ्या ट्रान्स पुरुषाला हातातली सिगारेट चार मित्रांत सामावून घेते. कोतींमध्ये पानाने लाल झालेले ओठ हा साजशृंगाराचा भाग असतो. सतत लपवणं, टोमणे, मारहाणीची भीती यांतून साचणाऱ्या ताणाबद्दल अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे, आणि या ताणातून व्यसनं वाढतात हेही अनेक देशांत दिसलं आहे. पण समोरच्या माणसाला सिद्धांत सांगू नका. त्याची भूक, त्याची जाग, त्याचा एकटेपणा समजून घ्या. जी गोष्ट इतकी कामं करते ती काढून घ्यायची तर त्या कामांची दुसरी सोय लागते. भूक मारायला तंबाखू लागत असेल तर सोडवण्याची सुरुवात दुपारच्या जेवणापासून होते.

तंबाखूचा धंदा करणाऱ्यांनी ही नस फार आधी ओळखली. अमेरिकेत आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीने १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या समलिंगी आणि बेघर लोकांना ग्राहक करण्यासाठी खास योजना आखली होती. कंपनीच्या कागदपत्रांत तिचं नाव होतं ‘प्रोजेक्ट स्कम’. स्कम म्हणजे गाळ, समाजाने खालचं मानलेले लोक. ज्यांना मनात ही जागा दिली त्यांच्याकडूनच पैसा कमवायचा होता. तरुण मुलांच्या गटात ही गोष्ट आवर्जून सांगावी असं मी म्हणतो, कारण कर्करोगाच्या फोटोंनी जी मुलं नजर वळवतात ती हे ऐकून चिडतात, आणि ही चीड उपयोगी आहे. आपल्या मिरवणुकांना, कार्यक्रमांना तंबाखू किंवा पानमसाला कंपनीचा पैसा, मग तो वेलचीच्या पुडीच्या नावाने का येईना, घ्यायचा नाही असा ठराव प्रत्येक गटाने आधीच करून ठेवावा. पैशाची निकड असताना असा निर्णय होत नाही.

तोंड बघायला शिकवा

तोंडाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आधी खुणा दिसतात, आणि त्या आरशात दिसतात. चूळ भरून, उजेडात, स्वच्छ बोटांनी ओठ उलटे करून पाहायचे. मग दोन्ही गालांचा आतला भाग, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, टाळू. मावा किंवा चिमूट जिथे ठेवायची सवय आहे ती जागा दोनदा पाहायची. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, कारण नसताना हलणारा दात, बदललेला आवाज, गिळताना अडचण, मानेतली गाठ, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, कारण सुरुवातीला दुखत नसतंच. मिरचीचा घास झोंबायला लागला असेल, स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील, तर सुपारीने गालाची आतली त्वचा आखडत चालली असण्याची शक्यता आहे. हे तरुण मुलांत सर्रास दिसतं. तीन बोटांची ही चाचणी डेऱ्यावर गप्पा मारता मारता सगळ्यांची घेता येते.

हे पाहायला डॉक्टरच हवा असं नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडं पाहिली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने आरोग्यसेविकांना शिकवून, व्हिनेगरमध्ये असतं त्या ॲसेटिक ॲसिडने गर्भाशयमुखाची तपासणी केली. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. वस्तीतली बाई हे काम शिकू शकते, तर चेला का नाही? पीअर एज्युकेटरला टॉर्च द्या, दंतवैद्यक महाविद्यालयातल्या तज्ज्ञांकडून प्रशिक्षण द्या. निदान करणं हे त्याचं काम नाही. ‘हे दाखवायला हवं’ एवढं ओळखता आलं की पुरे.

शरीरात काय आहे ते विचारा

तंबाखूच्या निमित्ताने संवाद सुरू झाला की इतर कर्करोगांचंही बोलून घ्या. त्याचं सूत्र असं की तपासणी ठरते ती शरीरात असलेल्या अवयवांवरून. कपडे, नाव किंवा ओळखपत्रावरच्या लिंगाचा तिच्याशी संबंध नाही. निर्वाण (लिंग आणि वृषण काढण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या व्यक्तीच्या शरीरात प्रोस्टेट ग्रंथी राहते, म्हणून वय वाढल्यावर लघवीची तक्रार आली तर ती सांगायला हवी. हार्मोन घेऊन स्तन वाढले असतील तर त्यांतल्या गाठीकडेही लक्ष हवं. ट्रान्स पुरुषाचं गर्भाशय काढलेलं नसेल तर गर्भाशयमुखाची तपासणी लागते. छातीची शस्त्रक्रिया झाली तरी थोड्या स्तनपेशी मागे राहतात. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांना ‘तुम्हाला याची गरज नाही’ असं सांगून परत पाठवणारे डॉक्टर आहेत. ते चूक आहे. एचपीव्ही हा विषाणू दोन स्त्रियांमध्येही पसरतो. सर्वसाधारणपणे ही तपासणी तिशीपासून आणि एचआयव्ही असल्यास पंचविशीपासून करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एचपीव्हीसाठी नमुना स्वतःचा स्वतः घेण्याची पद्धतही तिने मान्य केली आहे. ज्या ट्रान्स पुरुषाला स्त्रीरोग विभागाच्या बाकावर बसणंच असह्य वाटतं त्याला ही पद्धत मोठा दिलासा आहे. ती जवळ कुठे मिळते याची चौकशी करून ठेवा.

गुदद्वाराच्या कर्करोगाबद्दल मात्र आपल्याकडे जवळजवळ मौन आहे. तोही बहुतांशी एचपीव्हीमुळे होतो. एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांत आणि ट्रान्स स्त्रियांत त्याचं प्रमाण इतरांपेक्षा खूप जास्त आहे, आणि धूम्रपानाने तो धोका आणखी वाढतो. रक्त पडलं, गाठ लागली, खाज थांबेना, की माणूस मूळव्याध समजून मलम लावत बसतो, कारण डॉक्टरांना दाखवायचं तर आपले संबंध सांगावे लागतील ही लाज. पस्तिशी ओलांडलेल्या एचआयव्हीबाधितांनी एआरटीच्या डॉक्टरांना दरवर्षी बोटाने तपासायला सांगावं. या तपासणीला दोन मिनिटंही लागत नाहीत. एचपीव्हीची लसही सांगा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ जानेवारी २०२३ मध्ये आली आणि ९ ते २६ वर्षांच्या मुलग्यांनाही ती देता येते. संबंध सुरू होण्याआधी घेतली तर तिचा सर्वाधिक उपयोग होतो.

हार्मोन घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठासून सांगा. इस्ट्रोजेन आणि धूम्रपान एकत्र आलं की रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानेच घेत असतील तर तो अधिकच वाढतो. शस्त्रक्रियेची स्वप्नं पाहणाऱ्यांना हेही सांगा की निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, टाके भरायला वेळ लागतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे तंबाखू पूर्ण बंद ठेवायला सर्जन सांगतात. कर्करोग वीस वर्षांनी होईल या भीतीपेक्षा ‘माझी सर्जरी चांगली व्हावी’ ही इच्छा कितीतरी जवळची असते. तिच्या आधाराने सोडवता येतं.

दार

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. तपासणीचं महत्त्व पटवून एखाद्याला रुग्णालयात पाठवलं, आणि केसपेपरच्या खिडकीवर त्याचं जुनं नाव मोठ्याने पुकारलं गेलं, रांगेतले लोक हसले, डॉक्टरांनी नको ते विचारलं, तर तो माणूस पुन्हा येत नाही. त्याच्यासोबत त्याचा सगळा गटही येत नाही. म्हणून तपासणी शिबिराची तारीख ठरवण्याआधी कार्यकर्त्याने स्वतः त्या वाटेवरून जाऊन यावं. केसपेपर कुठे निघतो, सुरक्षारक्षक कोण, तपासणीच्या खोलीला पडदा आहे का, स्वच्छतागृह कुठलं वापरता येईल, दाखल करायची वेळ आली तर कुठल्या वॉर्डात ठेवतील, हे आधी विचारून घ्यावं. परिचारिका, खिडकीवरचा कारकून, वॉर्डबॉय यांच्यासोबत तासभर बसावं. मोठ्या डॉक्टरांच्या व्याख्यानापेक्षा या तासाचं मोल जास्त आहे. नाव काय लावू, असं आपणहून विचारणारा एक कर्मचारी प्रत्येक ठिकाणी शोधता येतो. त्याचा फोन नंबर घ्या, आणि पहिल्या काही जणांसोबत स्वतः जा.

कायदा आपल्या बाजूला आहे. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा २०१४ चा नालसा निकाल, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा २०१८ चा कलम ३७७ बद्दलचा निकाल आणि २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा यांची एक छोटी प्रत जवळ ठेवावी. भांडायला नव्हे, अडलं तर दाखवायला. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं ट्रान्सजेंडर ओळखपत्र अजून काढलं नसेल तर तेही याच फेरीत काढून द्या, कारण ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ या योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद त्याच्या आधारे होते. कर्करोगाचं निदान झाल्यावर कागदपत्रांमागे धावण्यात जे आठवडे जातात ते फार महाग पडतात.

शिबिरात फोटो काढू नका. देणगीदाराला पाठवायचे असले तरी नकोत. तोंड उघडून बसलेल्या मुलाचा फोटो फेसबुकवर गेला आणि त्याच्या गावच्या चुलत्याने पाहिला, तर तपासणीच्या बदल्यात त्याचं घर गेलं. एचआयव्हीच्या संस्थेचा मोठा फलक लावलेल्या गाडीत तोंड तपासायला बसायला कुणी तयार होत नसेल, तर त्याचाही राग धरू नका.

गुरूशी बोला

डेऱ्यावर थेट चेल्यांना गाठून उपदेश करणं हा अपमान समजला जातो, आणि तो समजला जाणं रास्त आहे. आधी गुरूला भेटा. आदराने, वेळ घेऊन, रिकाम्या हाताने न जाता. जमातीत पान-सुपारी हा मानाचा भाग आहे हे लक्षात ठेवून बोला; ‘बंद करा’ म्हणण्यापेक्षा मानाच्या ताटात लवंग, वेलदोडा, बडीशेप ठेवता येईल का असं विचारा. गुरूने स्वतःचं तोंड आधी तपासून घेतलं तर सगळा डेरा रांगेत उभा राहतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातल्या, यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगत्यांपर्यंत पोहोचायचं तर सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेच्या तयारीचे दिवस चांगले. तेव्हा माणसं एकत्र असतात आणि एकमेकांची काळजी घेण्याच्या मनःस्थितीत असतात. समलिंगी स्त्रियांचे असे अड्डे नसतात. त्या महिला मंडळात, बचत गटात, नोकरीच्या ठिकाणी, घरातच असतात. त्यांच्यासाठी ऑनलाइन गट, आणि ‘तुम्ही कुणावर प्रेम करता हे इथे सांगायची सक्ती नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं महिला शिबिर हाच मार्ग मला दिसतो.

सोडताना

तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत कठीण, मग दोन-चार आठवडे चिडचिड, झोपेची गडबड, बद्धकोष्ठ. हे आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही. सोडायची तारीख धंद्याच्या किंवा बधाईच्या (लग्न-जन्माच्या घरी आशीर्वाद देऊन पैसे घेण्याच्या) गर्दीच्या दिवसांत ठरवू नका. दोघं-तिघं मिळून सोडत असतील तर उत्तम, कारण एकाच खोलीत एक जण सोडतोय आणि बाकीचे घोटतायत हे चालत नाही. निकोटिनचा गम मेडिकलमध्ये मिळतो; तो च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो, थोडा चावून गालात दाबून ठेवायचा असतो. मावा खाणाऱ्याला ही पद्धत एका मिनिटात जमते. गोळ्याही आहेत, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. एआरटी चालू असल्याचं त्यांना सांगायलाच हवं, काही औषधांचा एकमेकांवर परिणाम होतो. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. मुंबईतलं तिचं केंद्र टाटा मेमोरियल चालवतं. पहिला फोन तुमच्यासमोर, तुमच्या शेजारी बसून लावू द्या.

पुन्हा सुरू झालं तर रागावू नका, ‘किती दिवस राहिलास?’ असं विचारा. चार दिवस राहिला असेल तर पाचव्या दिवशी काय झालं ते दोघांनी मिळून शोधा. बहुतेकांना कायमचं सोडायला अनेक प्रयत्न लागतात.

ज्यांच्या तोंडात काही सापडलं त्यांची यादी वेगळी ठेवा, कुलपात. तपासणीच्या दिवशी, बायोप्सीच्या दिवशी, अहवाल घ्यायच्या दिवशी कोण सोबत जाणार हे नावानिशी ठरवा. घरचे तुटलेले असतील तर रुग्णालयात ‘सोबत कोण?’ या प्रश्नाला गुरू, चेला, जोडीदार किंवा मित्र पुढे येऊ शकतो. सज्ञान, शुद्धीवरच्या रुग्णाची स्वतःची संमती महत्त्वाची असते, आणि हे त्यालाही समजावून सांगा. अहवाल चांगला आला तरी फोन करा. सहा महिन्यांनी पुन्हा करा, आणि तेव्हा तोंडाइतकंच जेवण, झोप, भाडं, भांडणं यांबद्दलही विचारा.